मदत हवी आहे: मराठी गीतं कन्नड लिपीत

आमच्या बेळगावच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासना मराठीत होते, पण कन्नड माध्यमातल्या पोरांना देवनागरी भरभर वाचता येत नाही. गीतं कन्नड लिपीत छापू म्हटल्यावर कमिटीत आवाज चढले. 1956 पासून सीमेचं दुखणं आहे, राग समजतो. तरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पोरांच्या तोंडी राहणं मला जास्त मोलाचं वाटतं.

अडचण टायपिंगची आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी वेगळी अक्षरं, मराठीत एकेकच. ‘देवा’ दीर्घ ठरला. ‘येतो’, ‘घेतो’ यांचं काय? खानापूर-निपाणीकडे कुणी अशी वही केली आहे का? दोन पानांचे फोटो टाकाल का? नाताळच्या सरावाआधी हवेत.