काळ्या रानात कुंपणाला फायबरचे पोल टिकतेत का लोखंडी अँगल?

माळरान_मंगळवेढा: नमस्कार मंडळी. डाळिंबाला कुंपण करायचंय, रानडुकरांनी वैताग आणलाय. दुकानदार म्हणतो फायबरचे पोल घ्या, गंज नाही काय नाही, आन् वेल्डिंगवाला म्हणतो अँगलशिवाय काहीच टिकत नाही, दोघंबी आपापला माल खपवालेत. उन्हाळ्यात ४३ पर्यंत जातंय, पाणीबी खारं. कुणाचा अनुभव?

पत्र्याचं_शेड: दादा, लोखंड कुठं सडतंय बघा, वर नाही, जमिनीच्या तोंडाशी. ओल आन् हवा दोन्ही तिथंच मिळतंय, क्षाराचं रान असलं की अजून लवकर. नुसता रेड ऑक्साइडचा लाल रंग मारलेला अँगल घेऊ नका. हॉट डिप गॅल्व्हनाइज मागा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. ५ मिमी आन् त्याच्या वरच्या जाडीला आयएस ४७५९ ह्या भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसायला पाहिजे. बाजारात जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) म्हणून जो पातळ पाइप मिळतो त्यात कितीदा तर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅमच असतंय, चमकतो मात्र झकास! आन् भोकं आधी पाडून मग डिप करायचं, नंतर पाडलं की गंज तिथनंच सुरू. खालचं काँक्रीट जमिनीच्या जरा वर काढून उतार द्या म्हणजे पाणी थांबत नाही.

बार्शीकर_ताई: आमच्याकडं फायबरचे हैत. गंजत नाहीत हे खरं. पण ऊन त्याला खातंय, वरचं रेझिन पांढरं पडून भुकटी निघती आन् आतले काचेचे धागे उघडे पडतेत, हात लावला की कुसळावाणी टोचतंय. पोल लगेच मोडत नाही, पण हातमोज्याशिवाय धरायचा नाही. घेताना यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासनं वाचवणारा थर, हाय का विचारा. दुसरं म्हणजे बांध जाळायची सवय असंल तर फायबर नकोच. झटका मशीन (तारेत राहून राहून करंटचा झटका सोडणारं) लावणार असाल तर मात्र फायबरच बरा, त्यातनं करंट जात नाही, इन्सुलेटरचा खर्च वाचतो.

कोरडवाहू_करमाळा: पोल कसलाबी घ्या, काळं रान उन्हाळ्यात भेगाळतंय आन् पावसात फुगतंय, वरवर गाडला की तिरका होणारच. अडीच फूट तरी खाली न्या. कोपऱ्यावर तारेचा सगळा ताण येतो, तिथं फायबर वाकतंय, अँगलला तिरपा सपोर्ट देऊन उभा करा. (काळ्यात डाळिंब म्हणजे मर रोगाकडंबी लक्ष ठेवा बे.)

माळरान_मंगळवेढा: मग कोपरे अँगलचे आन् मधी फायबर, झटका लावून. चालंल का?

बार्शीकर_ताई: चालतंय की. फक्त अँगलवर तार थेट बांधू नका, तिथं इन्सुलेटर लागतोच, नाहीतर झटका सगळा जमिनीत जातोय आन् डुक्कर आरामात आत. खालची तार जमिनीपासनं वीतभरच ठेवा, गवत काढत राहा. आन् घरची लाइट थेट तारेत सोडायचं डोक्यातबी आणू नका, माणसं मरतेत त्यानं.