फुकट्या जिवाणूंचं राज्य का येत नाही?

पाऊलखुणा:
नमस्कार मंडळी, आठवडाभर एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतेय. सुडोमोनास नावाचे जिवाणू लोह मिळवायला पायोव्हर्डिन नावाचा रेणू बनवून बाहेर सोडतात, तो लोहाला धरतो आणि मग आसपासची जी पेशी असेल ती त्याला आत ओढून घेते. म्हणजे बनवायचा खर्च एकीचा आणि फायदा सगळ्या आळीचा. आता समजा एका पेशीत म्युटेशन झालं, बनवणं बंद पडलं पण आत घेणं चालूच राहिलं, तर ती आयत्या बिळावरचा नागोबाच की! खर्च नाही म्हणून ती भराभर वाढणार, तिच्या लेकीही तशाच, आणि हे केव्हापासून चाललंय, मग आत्तापर्यंत सगळे फुकटेच उरून शेवटी लोहाविना सगळ्यांचेच हाल व्हायला हवे होते ना? तसं तर झालेलं नाही. "प्रजातीच्या भल्यासाठी करतात" हे उत्तर प्लीज देऊ नका, ते मला अजिबात पटत नाही, जिवाणूला कुठून कळणार प्रजातीचं भलं.

काचपट्टी:
तुमचं गणित बरोबर आहे, पण ते एका भांड्यापुरतं. भांड्याच्या आत फुकटा जिंकतो हे अगदी खरं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय. सुडोमोनास फ्लुरोसन्स पातळ माध्यमात घालून ट्यूब न हलवता तशीच ठेवायची. खालचा ऑक्सिजन लवकर संपतो, वर हवा असते. दोनतीन दिवसांत पृष्ठभागावर पांढुरका पापुद्रा धरतो, काठाला काचेला चिकटलेला. हे काम सुरकुत्यावाल्या म्युटंटचं (प्लेटवर त्यांच्या कॉलन्या सुरकुतलेल्या दिसतात), ते सेल्युलोजचा चिकट पदार्थ सोडतात त्यामुळे पेशी एकमेकींना धरून वर टिकतात, पण तो बनवण्यात त्यांची स्वतःची वाढ मंदावते. मग त्याच पापुद्र्यात गुळगुळीत म्युटंट निपजतात जे चिकट काही बनवत नाहीत आणि वरची हवा मात्र आयती घेतात. ते वाढत जातात, पापुद्रा आतून विसविशीत होत जातो, आणि एक दिवस सगळाच्या सगळा तळाशी जातो, त्यात फुकटेही आले. पॉल रेनी आणि कॅट्रिना रेनी यांनी हे २००३ मध्ये मांडलं होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ट्यूबला कुणाचा धक्का लागला की काय असंच वाटलं, मग खालचा गाळ प्लेटवर पसरला तर गुळगुळीत कॉलन्याच कॉलन्या.

आता मुद्दा असा की जगात एकच ट्यूब नाहीये. समजा शंभर ट्यूब आहेत, काहींत योगायोगाने कामकरीच जास्त पडले, काहींत फुकटे. प्रत्येक ट्यूबच्या आत कामकऱ्यांचा टक्का घसरतो, पण कामकऱ्यांच्या ट्यूबमध्ये एकूण वाढच इतकी जास्त होते की सगळ्या ट्यूब एकत्र ओतून मोजलं तर कामकऱ्यांचा टक्का वर गेलेला दिसू शकतो! हे ऐकायला उलटं वाटतं, कागदावर दोन ट्यूबचे आकडे मांडून बघा म्हणजे पटेल. तुमच्या पायोव्हर्डिनवरच ग्रिफिन, वेस्ट आणि बकलिंग यांनी २००४ मध्ये प्रयोग केला. प्रत्येक ट्यूब एकाच पेशीच्या वंशजांची ठेवली आणि जास्त वाढलेल्या ट्यूबला पुढच्या फेरीत जास्त वाटा मिळू दिला तर बनवणारे टिकले, सरमिसळ करून ठेवलं तर फुकटे वर आले. म्हणजे शेजारी कोण आहे यावर सगळं ठरतं, आणि जिवाणू तर दुभंगून वाढतात, त्यामुळे शेजारी बहुतेक वेळा आपलीच बहीण असते. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ मध्ये नात्यागोत्याचं जे गणित मांडलं, की नातलगाला मदत म्हणजे त्याच्यातल्या आपल्याच जनुकांना मदत, ते इथे चपखल बसतं, प्रजातीचं भलं मध्ये आणायची गरजच नाही.

अर्धविराम:
काचपट्टी, मस्त लिहिलंय, पण नात्यावरच सगळं सोडू नका. कोरम सेन्सिंगचं, म्हणजे जिवाणू रासायनिक इशाऱ्यांवरून आसपासची दाटी ओळखतात त्याचं, उदाहरण फार बोलकं आहे. सुडोमोनास एरुजिनोसामध्ये दाटी झाली की एकाच इशाऱ्यावर दोन कामं सुरू होतात, एक म्हणजे प्रथिनं फोडणारी एन्झाइम बाहेर सोडणं, ज्याचा फायदा कुणीही उचलावा, आणि दुसरं म्हणजे अॅडेनोसिन पचवणारं एन्झाइम, जे पेशीच्या आवरणाच्या आतच राहतं. इशारा ऐकणारं लासआर जनुक बिघडलेल्या म्युटंटला पहिलं फुकट मिळतं, दुसरं मिळतच नाही. दांडेकर, चुगानी आणि ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये दाखवलं की खायला प्रथिनाबरोबर अॅडेनोसिनही असेल तर फुकट्यांना आळा बसतो. थोडक्यात सार्वजनिक कामाला खाजगी फायदा बांधलेला आहे, तोडायचा तर दोन्ही तोडावे लागतात.

एक तक्रार मात्र आहे, "फुकटे" हा शब्द सरसकट वापरू नये. समुद्रातल्या प्रोक्लोरोकॉकस या जिवाणूकडे घातक हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करणारं कॅटॅलेज हे एन्झाइम नाहीये, शेजारचे जिवाणू ते काम करतात आणि हा त्यांच्या आडोशाला जगतो. मॉरिस, लेन्स्की आणि झिन्सर यांनी २०१२ मध्ये याला ब्लॅक क्वीन म्हटलं, म्हणजे पत्त्यांच्या खेळातली सगळ्यांना नकोशी काळी राणी. शेजाऱ्याला ते काम स्वतःसाठी करावंच लागतं, त्यातलं थोडं गळतं, मग ज्याला जमेल तो आपलं जनुक टाकून देतो. यात कोणी कोणाला लुबाडलं असं मला तरी वाटत नाही.

पाऊलखुणा:
दोघांचेही मनापासून आभार, दोन ट्यूबचे आकडे मांडून पाहिले आणि खरंच टक्का वर गेला! आता एकच विचारते, एकदा फुकटा झालेला परत कामाला लागतो का कधी?

काचपट्टी:
अर्धविराम, प्रोक्लोरोकॉकसबद्दल मान्य, तिथे मीही तो शब्द वापरणार नाही.

पाऊलखुणा, हो, लागलेला आहे. मातीतला मिक्सोकॉकस झँथस उपासमार झाली की सुमारे १ लाख पेशींनी गोळा होऊन छोटासा ढीग करतो, त्यातल्या काहीच बीजाणू होऊन वाचतात, बाकीच्या बहुतेक मरतात. याचा एक म्युटंट एकटा असला तर बीजाणू जवळजवळ करूच शकत नाही, पण मूळ जातीत मिसळला की आपल्या वाट्यापेक्षा जास्त बीजाणू काढतो. तो वाढत गेला की कामकरी इतके कमी होतात की पुढच्या उपासमारीत सगळी वस्तीच कोसळते. फिएग्ना, वेलिसर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात अशाच एका कोसळलेल्या वस्तीतून एकाच म्युटेशनने नवा प्रकार वर आला जो एकटाही बीजाणू करतो, आणि ज्या फुकट्यापासून तो निपजला त्याला आता त्याच्यावर डल्ला मारता येत नाही. त्याचं नाव त्यांनी फिनिक्स ठेवलं.