सेमिनरीत प्रोफेसर आणि रविवारी ऑर्गनवर? पॉल मॅन्झ यांचं करिअर समजावून सांगा कुणीतरी

आल्टोवाली:
आमच्या कॉयरमध्ये सध्या पॉल मॅन्झ यांचं 'ईन सो, लॉर्ड जीझस, क्विकली कम' बसवतोय, वाद्य नाही काही नाही, नुसते चार आवाज. मला ते इतकं आवडलंय की त्यांच्याबद्दल शोधायला बसले तर कुठे ऑर्गनिस्ट म्हटलंय, कुठे कॅन्टर (चर्चच्या संगीताचा प्रमुख), कुठे थेट शिकागोच्या लुथरन सेमिनरीत प्रोफेसर. सेमिनरी म्हणजे पाळक तयार करण्याची जागा ना, मग तिथे संगीताचा पूर्ण प्रोफेसर कशाला लागतो? आणि एक माणूस आयुष्यभर दोन्ही कसं सांभाळतो? माहीत असेल त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

पेडलबोर्ड:
छान प्रश्न. मॅन्झ १९१९ चे, क्लीव्हलँडचे. १९४६ पासून मिनियापोलिसच्या माउंट ऑलिव्ह लुथरन चर्चमध्ये संगीत सांभाळायचे, आणि पुढे त्याच्या जोडीला सेंट पॉलच्या कॉनकॉर्डिया कॉलेजमध्ये शिकवणं, म्हणजे चर्च आणि वर्ग हे त्यांचं कायम बरोबरच चाललं. मध्ये युरोपात जाऊन बेल्जियममध्ये फ्लोर पीटर्स आणि फ्रँकफर्टला हेल्मुट वाल्खा यांच्याकडे शिकले, ऑर्गनच्या दुनियेत ही दोन्ही फार मोठी नावं. १९८३ मध्ये शिकागोला लुथरन स्कूल ऑफ थिऑलॉजीत प्रोफेसर म्हणून गेले आणि तिथेही सेंट ल्यूक चर्चचे कॅन्टर झालेच, रविवार काही सोडला नाही.

तुम्ही बसवताय ते गीत १९५३ चं. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा खूप आजारी होता, न्यूमोनिया, वाचेल की नाही अशी अवस्था, तेव्हा पत्नी रूथ यांनी बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या ओळींवरून शब्द जुळवले आणि यांनी चाल केली. मुलगा वाचला. 'रात्र उरणार नाही, दिवा नको, सूर्य नको' हे शब्द आईबापांनी कुठे बसून निवडले ते कळलं की ती ओळ आपण तशीच सपाट गाऊच शकत नाही.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम म्हणजे हिम (hymn, म्हणजे चर्चमधलं भक्तिगीत) फेस्टिव्हल. बाकीचे ऑर्गनिस्ट दौऱ्यावर गेले की रिसायटल करतात, लोक नुसते ऐकतात. यांच्या कार्यक्रमात अख्खी मंडळी गायची. आधी गीताच्या चालीवर उत्स्फूर्त वादन, मग लोकांचं कडवं, मध्ये वाचन, परत कडवं, आणि प्रत्येक कडव्याला ऑर्गनचे स्टॉप (आवाजाचा रंग बदलणाऱ्या खुंट्या) वेगळे, शब्द काय म्हणतायत त्याप्रमाणे. मरणाचं कडवं आलं की खालचे गडद स्वर, पुनरुत्थानाचं आलं की ट्रम्पेट, कधी एखाद्या कडव्याला ऑर्गन पूर्ण थांबतो आणि माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. शब्दांचा अर्थ आतून माहीत असल्याशिवाय हे जमतच नाही, म्हणून असा माणूस सेमिनरीत हवा.

जुने_कागद:
यात थोडी भर. लुथरन लोकांत हे पहिल्यापासूनच आहे. या पंथाचे संस्थापक मार्टिन ल्यूथर स्वतः गीतं लिहायचे, १५२४ मध्ये जे पहिलं छोटंसं गीतपुस्तक निघालं त्यात आठ गीतं आणि त्यातली चार त्यांची. त्याच वर्षी योहान वाल्टरने कॉयरसाठी वेगळं पुस्तक काढलं. म्हणजे सामान्य माणसाच्या तोंडी शिकवण बसवायची तर गाण्यातून, हे तिथे आधीच ठरलेलं होतं. जर्मन संगीतकार बाखचं बघा, १७२३ मध्ये लाइपझिगला कॅन्टर म्हणून घेताना त्यांची धर्मशास्त्राची परीक्षा घेतली होती! नोकरी संगीताची आणि परीक्षा ईश्वरज्ञानाची. त्या पदाला शाळेत लॅटिन शिकवणंही चिकटलेलं होतं, ते त्यांनी पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं तो भाग वेगळा.

आणि बाखचं स्वतःचं कालोव्ह बायबल, भाष्यासकट तीन खंड, ते आज सेंट लुईसच्या कॉनकॉर्डिया सेमिनरीत आहे. मिशिगनमधल्या एका कुटुंबाच्या घरात होतं, १९३४ मध्ये एका पाळकाच्या लक्षात आलं. त्यातल्या '२ इतिहास' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायापाशी, जिथे गायक-वादक एकसुरात स्तुती करतात आणि मंदिर मेघाने भरतं, तिथे समासात बाखने लिहून ठेवलंय की भक्तीभावाच्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते त्यांनी कुणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं.

आल्टोवाली:
बापरे, किती सुंदर माहिती! एक राहिलंच, शिकागोत त्यांच्या पदाच्या नावात 'क्राइस्ट सेमिनरी-सेमिनेक्स' असं काहीतरी वाचलं, ते काय आहे?

जुने_कागद:
त्यामागे मोठं दुखणं आहे. मिसूरी सिनॉड या अमेरिकेतल्या लुथरन चर्चसंघटनेत बायबल कसं वाचायचं यावरून भांडण पेटलं, त्यांच्याच सेंट लुईसच्या कॉनकॉर्डिया सेमिनरीच्या अध्यक्षांना, जॉन टीटजेन यांना निलंबित केलं, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ५० पैकी ४५ शिक्षक आणि बहुसंख्य विद्यार्थी बाहेर पडले. त्यांनी जी सेमिनरी काढली ती सेमिनेक्स, म्हणजे 'हद्दपारीतली सेमिनरी'. १९८३ मध्ये ती वेगळी राहिली नाही, बरेच शिक्षक शिकागोला गेले, आणि मॅन्झ यांचं पद तिच्या नावाने होतं. या भांडणात घरं फुटली, मित्र तुटले, आणि तरी दोन्हीकडचे लोक आजही मॅन्झ यांच्या चाली वाजवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पेडलबोर्ड:
वर्गात काय चालतं ते पण सांगतो. पाळक होणाऱ्यांचा कोर्स साधारण चार वर्षांचा, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष मंडळीत काम. त्यात संगीताला वेळ अगदी थोडा, म्हणून प्रोफेसरचं बरंचसं शिकवणं चॅपलमध्येच (सेमिनरीतल्या प्रार्थनागृहात) होतं. त्या दिवशीच्या वाचनाला कुठलं गीत, ते उपदेशाच्या आधी की नंतर, चाल लोकांना उचलता येईल का, मुलांना येणारं काही आहे का. उद्या छोट्या गावात ऑर्गनिस्टच नसेल तर पाळकाला स्वतः सूर धरावा लागतो, ते पण तिथेच शिकायचं.

तुमच्या कॉयरला एकच सांगीन, पुढच्या तालमीला आधी शब्द मोठ्याने वाचा, सगळ्यांनी मिळून, न गाता. श्वास कुठे घ्यायचा ते त्यातच कळतं.