मदत हवी आहे : या ओळीतल्या ‘ब्लॅकबेरी’ला मराठीत काय म्हणावे?

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या १८५६ सालच्या ‘ऑरोरा ली’ या पद्यकादंबरीतील एका उताऱ्याचा मी अनुवाद करीत आहे. प्रत्येक साधे झुडूप ईश्वराने पेटलेले असते, पण ज्याला ते दिसते तोच जोडे काढतो आणि बाकीचे भोवती बसून ब्लॅकबेरी तोडतात, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडच्या खेड्यांत हे फळ कुंपणावर फुकट मिळे, म्हणूनच ती ओळ बोचते. ‘तुती’ हे झाडच वेगळे. ‘करवंदे’ लिहून पाहिले. काटेरी जाळी जुळली, परंतु देठाच्या चिकासकट डोंगरची काळी मैना डोळ्यांपुढे येते आणि इंग्लंड पुसले जाते. तळटीप देता येणार नाही. छंदाचे बंधन मात्र नाही. सह्याद्रीत ब्लॅकबेरीच्या कुळातील काटेरी रानफळाला आपल्याकडे काय म्हणतात, आणि ते नाव येथे शोभेल का?