‘टू बी टोल्ड’ आणि ‘टू बी टेलिंग’: ही रूपे रोजच्या इंग्रजीत खरोखर लागतात का?

पूर्णविराम (धागाकर्ता)

काही महिन्यांपूर्वी एका बैठकीची वेळ बदलली आणि ते मला कोणीच कळवले नाही. मी नाराजी व्यक्त करणारे इंग्रजी पत्र लिहिले आणि त्यात ‘आय शुड हॅव टोल्ड यस्टर्डे’ असे वाक्य घातले. मनात मराठी वाक्य होते, ‘मला कालच सांगायला हवे होते’. पलीकडून अत्यंत सौजन्याने उत्तर आले की, हरकत नाही, आपण कळवायला विसरलात हे मनाला लावून घेऊ नका. तक्रार करायला गेलो आणि माफी मागून परतलो.

चूक ‘टोल्ड’च्या आधी राहून गेलेल्या एका ‘बीन’ची होती, पण तिचे मूळ आपल्या भाषेत आहे असे मला वाटते. ‘मला सांगायला हवे होते’ या वाक्यात सांगणारा मीही असू शकतो आणि ज्याला सांगायचे तोही मीच असू शकतो; ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. ‘पत्र पाठवायचे आहे’ यातही पाठवणारा कोण, हे क्रियापदाचे रूप सांगत नाही. इंग्रजी इन्फिनिटिव्हला, म्हणजे बहुधा ‘टू’ लागून येणाऱ्या क्रियापदाच्या मूळ रूपाला, एवढी मोकळीक नसते. ‘द लेटर हॅज टू बी सेंट’ म्हटले तर पत्र पाठवले जायचे असते, आणि ‘द लेटर हॅज टू सेंड’ म्हटले तर पत्रालाच काहीतरी पाठवायचे आहे असा विचित्र अर्थ होतो.

चालू क्रिया दाखवणाऱ्या रूपाचेही तसेच आहे. ‘ही सीम्स टू वर्क हार्ड’ म्हणजे तो एकंदरीत कष्टाळू दिसतो. ‘ही सीम्स टू बी वर्किंग हार्ड’ म्हणजे सध्या, या दिवसांत, तो खपतो आहे असे दिसते. ‘यू शुडन्ट डू दॅट’ हा कोणालाही, केव्हाही देता येणारा सल्ला आहे, तर ‘यू शुडन्ट बी डूइंग दॅट’ हे बहुधा ते काम करत असलेल्या माणसालाच म्हटले जाते. असे असूनही शिकवताना ही रूपे पाठाच्या शेवटी एका तक्त्यात कोंबली जातात, जणू ती परीक्षेपुरती आणलेली शोभेची भांडी आहेत. माझे म्हणणे असे की ती रोजच्या वापरातली आहेत आणि ती सुरुवातीलाच, अर्थासह शिकवली पाहिजेत.

तळटीप

आपला अनुभव बोलका आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण दिलेल्या उदाहरणांतली निम्मी ‘शुड’च्या पुढची आहेत. तिथे शिकणारा इन्फिनिटिव्ह शिकत नसतो. ‘शुड बी’, ‘मस्ट बी’, ‘हॅज टू बी’ हे तयार तुकडे तो कानाने उचलतो, आणि तसे उचलणेच योग्य आहे. ते तुकडे बाजूला काढले की उरते काय? ‘ही इज सेड टू बी लिव्हिंग अब्रॉड’ यासारखी वाक्ये, जी वर्तमानपत्रात शोभतात. बोलताना लोक ‘अपॅरंटली ही इज लिव्हिंग अब्रॉड’ म्हणून मोकळे होतात. ‘ही प्रिटेंडेड टू बी स्लीपिंग’ हे तक्त्यातले आवडते वाक्य घ्या. व्याकरणात त्याला दोष नाही, पण इंग्रजी बोलणारा माणूस तिथे बहुतेक वेळा ‘टू बी अस्लीप’ म्हणतो आणि चालू रूपाची गरजच संपते.

कर्मणी रूपाचा अतिरेक तर थेट नुकसान करतो. ‘हे पुस्तक वाचायला सोपे आहे’ याचे इंग्रजी ‘धिस बुक इज ईझी टू रीड’ असे सरळ होते. पुस्तक स्वतः वाचत नाही, तरी रूप कर्तरीच राहते. आपल्या नियमाने चालणारा विद्यार्थी इथे ‘ईझी टू बी रेड’ लिहितो, कारण पुस्तक वाचले जाते हे त्याच्या मनावर बिंबवलेले असते. ही चूक मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. ती अज्ञानातून होत नाही, नियम फार निष्ठेने पाळल्याने होते. भाड्याने द्यायच्या घरावरची ‘टू लेट’ ही पाटी पाहा, किंवा दोष एखाद्याचा आहे हे सांगणारे ‘ही इज टू ब्लेम’ हे वाक्य पाहा. रूप कर्तरी आणि अर्थ कर्मणी. इंग्रजीला मोकळीक नसते हे आपले विधान म्हणूनच टिकत नाही.

आणि आपल्या पत्रात ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ असे साधे कर्तरी वाक्य लिहिले असते, तर सगळाच प्रश्न मिटला असता.

जुना जिना

‘टू लेट’चा उल्लेख झाला म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो, कारण त्यामुळे दोन्ही पक्षांना काही मिळेल. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत घर बांधले जात असेल तर ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे सर्रास लिहीत, आणि घर स्वतः काही बांधत नाही हे वाचणारा समजून घेत असे. ‘इज बीइंग बिल्ट’ ही रचना त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. कवी रॉबर्ट साउदी यांच्या १७९५ मधल्या एका पत्रात, न्हाव्याकडून दाढ उपटली जात असलेल्या माणसाच्या वर्णनात, ती आढळते. तिच्यावर पुढे पाऊण शतक टीका होत राहिली. १८७० मध्येही रिचर्ड ग्रँट व्हाइट हे अमेरिकी समीक्षक ती भाषेला लागलेली कीड असल्यासारखे तिच्यावर तुटून पडले होते. रचना मात्र टिकली. म्हणजे मराठीतली जी मोकळीक धागाकर्त्यांना अडचणीची वाटते, तशीच काहीशी इंग्रजीतही होती. ती हळूहळू आकसली आणि ‘टू लेट’, ‘टू ब्लेम’ यांसारखे काही अवशेष मागे राहिले.

कर्मणी आणि चालू ही दोन्ही अंगे एकत्र आणणारे ‘बी बीइंग’ हे रूप मात्र आजही जिभेला जड जाते. ‘द रोड मस्ट बी बीइंग रिपेअर्ड’ हे शुद्ध आहे. तरी बोलणारे ते टाळतात आणि ‘दे मस्ट बी रिपेअरिंग द रोड’ म्हणतात. ते तक्त्यातून गाळले तरी कोणाचे काही बिघडणार नाही.

शिकवणारी

तळटीप यांचे ‘ईझी टू रीड’बद्दलचे निरीक्षण अचूक आहे आणि तो स्वतंत्र नियम म्हणूनच सांगावा लागतो. पण त्यांनी ‘शुड’नंतरची रूपे मोजणीतून वगळली, ते मला पटत नाही. ‘टू’ नसला तरी व्याकरणात तो इन्फिनिटिव्हच असतो, आणि रोजच्या बोलण्यात या रूपांची खरी वस्ती तिथेच आहे. ‘ही मस्ट बी वेटिंग’ याला आपण ‘तो वाट पाहत असणार’ म्हणतो. ‘पाहत असणार’ आणि ‘बी वेटिंग’ यांची घडण इतकी जुळते की मराठी विद्यार्थ्याला हे रूप सगळ्यात आधी यायला हवे. आपणच ते अवघड म्हणून पुढे ढकलतो. ‘विल यू बी स्टेइंग फॉर लाँग?’ यात तर काळापेक्षा शिष्टाचार अधिक आहे: समोरच्यावर निर्णय न लादता त्याचा बेत विचारला जातो.

कर्मणी रूपाला मात्र मराठीत एकच जोडीदार नाही आणि गाडी तिथेच अडते. ‘शी डझन्ट लाइक टू बी इंटरप्टेड’ याचे पुस्तकी भाषांतर ‘तिला व्यत्यय आणला जाणे आवडत नाही’ असे होते, जे कोणीही बोलत नाही. आपण ‘तिला मध्येच बोललेले आवडत नाही’ म्हणतो. हे ‘बोललेले’ आणि ‘टू बी इंटरप्टेड’ शेजारी ठेवून शिकवले की मुले पटकन पकडतात. ‘केले जाणे’ या साच्यातून शिकवले की वर्षभर चाचपडत राहतात.

जाता जाता एक खुलासा: ‘आय वॉज मेड टू वेट’ हे वाक्य कर्मणी इन्फिनिटिव्हचे उदाहरण म्हणून पुष्कळदा दिले जाते, ते चुकीचे आहे. तिथे मुख्य क्रियापद कर्मणी आहे. ‘टू वेट’ साधे कर्तरीच आहे.

तळटीप

‘मस्ट बी वेटिंग’ लवकर शिकवावे, हे मान्य. परंतु ‘देअर इज अ लॉट ऑफ वर्क टू डू’ आणि ‘अ लॉट ऑफ वर्क टू बी डन’ ही दोन्ही वाक्ये चालत असताना विद्यार्थ्याला दोन रूपांच्या पेचात का टाकावे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

पूर्णविराम (धागाकर्ता)

‘वर्क’च्या जागी ‘नथिंग’ घाला. ‘देअर इज नथिंग टू डू’ म्हणजे बहुधा करायला काही नाही, कंटाळा आला आहे. ‘देअर इज नथिंग टू बी डन’ म्हणजे आता इलाज उरलेला नाही. आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलताना कोणते वाक्य वापरायचे, हे ठाऊक असणे मला पेच वाटत नाही. ‘ईझी टू रीड’बाबत मी माझे विधान मागे घेतो, इंग्रजीतही मोकळ्या जागा आहेत, फक्त त्या आपल्यासारख्या जागोजागी नाहीत.

राहता राहिले माझे पत्र. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ मला येत नव्हते असे नाही. ते वाचणाऱ्याच्या अंगावर जाते, आणि वेळ बदलल्याचे कळवण्याचे काम त्याच्याकडे होते की आणखी कोणाकडे, हे मला माहीत नव्हते. मला सांगितले जायला हवे होते, एवढेच मला म्हणायचे होते. दुसऱ्या पत्रात मी ‘आय शुड हॅव बीन टोल्ड’ लिहिले, आणि या वेळी माफी पलीकडून आली.

तळटीप

ज्याने चूक केली त्याचे नाव मात्र त्या वाक्यामुळे आपल्याला अखेरपर्यंत कळले नसेल. कर्मणी रूपाबद्दल माझी मूळ तक्रार तीच आहे.