जादा मिती आणि गुरुत्वलहरी: जरा दमानं घ्या

पलासियाकर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "२०१७च्या एका गुरुत्वलहरीने जादा मिती संपवल्या, स्ट्रिंगवाल्यांनी गाशा गुंडाळावा." डोकं उठलं म्हणून लिहितोय. जादा मिती म्हणजे लांबी, रुंदी, उंचीपलीकडच्या दिशा; स्ट्रिंग सिद्धांताला त्या लागतात. गुरुत्वलहर म्हणजे अवकाश-काळात उठलेला तरंग. १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, १.७ सेकंदांनी गॅमा किरण, मग टक्कर एनजीसी ४९९३ दीर्घिकेत झाल्याचं सापडलं. लहर जादा मितींत गळली असती तर क्षीण होऊन पोचली असती. तिच्यावरून काढलेलं अंतर दीर्घिकेच्या अंतराहून जास्त भरलं असतं. तसं झालं नाही, कबूल. पण मार खाल्ला तो अफाट पसरलेल्या मितींनी. गुंडाळलेल्या बारीक मितींना या लहरीने काय होतंय?

होळकरी:
"कुणीतरी" म्हणजे मी. बारीक मितींकडे सिएटलच्या टॉर्शन बॅलन्सवाल्यांनी (तारेला टांगलेल्या वजनाच्या पिळावरून बारीक ओढ मोजणाऱ्यांनी) बघितलंय. २०२०मध्ये ५२ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गुरुत्वाचा व्यस्त वर्गाचा नियम शाबूत: अंतर दुप्पट, तर ओढ चौथाई. जादा मिती असलीच तर तिची त्रिज्या ३० मायक्रॉनच्या आत. दर वेळी आणखी आत पळायचं, म्हणजे हरायला नकोच!

सराफ्यातला निशाचर:
टॉर्शन बॅलन्स! आमच्या कॉलेजात तो कपाटात, चावी सरांच्या खिशात. "तार तुटेल." आकडे मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवले. व्हायव्हात पूर्ण मार्क.

माळवी मिरची:
रडगाणं पुरे. लायगो-इंडियात, म्हणजे गुरुत्वलहरी टिपायच्या भारतातल्या प्रकल्पात, आपलं इंदूरचं आरआरकॅट (लेझरवर काम करणारी सरकारी संस्था, पूर्वीचं कॅट) भागीदार आहे, माहीत तरी आहे का कुणाला? यंत्र हिंगोलीला, बातमीत पुणे, २६०० कोटींच्या चर्चेत इंदूर कुठेच नाही.

होळकरी:
चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काय इंदूरच्या विजयनगर चौकात ठेवायच्या? सिटी बस गेली की ब्लॅकहोल सापडलं म्हणून पेढे वाटाल.

माळवी मिरची:
जागेबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. नीट वाचत जा! श्रेयाबद्दल बोलतेय. आमचे हे तिथूनच रिटायर झाले. आजही पाहुणे विचारतात, "कॅट? म्हणजे एमबीएची परीक्षा ना?" इंदुरात राहणारे पाहुणे!

सराफ्यातला निशाचर:
ताई, माझ्या सासऱ्यांना वाटायचं तिथे बॉम्ब बनवतात. लेझर म्हटल्यावर त्यांनी मोतीबिंदूचं विचारलं.

पलासियाकर:
मितींवर या कुणीतरी. होळकरी, ३० मायक्रॉन मान्य, नाइलाजाने. पण दीर्घिकेचं अंतर काढायला हबल स्थिरांक (विश्व किती वेगाने फुगतंय तो आकडा) घेतला, त्याच्याच किमतीवरून भांडणं चाललीत. शिवाय ताऱ्यांची जोडी आपल्याकडे किती कललेली होती, त्यावरही लहरीचं अंतर हलतं.

होळकरी:
हबलच्या दोन्ही किमती घालून बघितल्या, २०१८मध्येच. दोन्हींत मितींचं उत्तर चारच्या आसपास: अवकाशाच्या तीन, काळाची एक. बरं, बारीक मिती तुम्हाला आंदण दिल्या. सांभाळा.

माळवी मिरची:
आणि विजयनगरचा टोमणा मागे घ्या आधी.