डीबीएफमधील खोडलेल्या नोंदींबाबत

फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतील तक्ते नव्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्याच आजच्या डेटाबेस प्रणालीत) ओतले की काम झाले, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. मात्र मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोला (फॉक्सप्रोची नंतरची आवृत्ती) तांत्रिक साहाय्य देणे जानेवारी २०१५ मध्येच थांबवला असल्याने स्थलांतर लांबवू नये, हे अगदी खरे. डीबीएफ फाइलमध्ये, म्हणजे फॉक्सप्रो ज्यात तक्ते साठवते त्या फाइलमध्ये, ‘डिलीट’ केलेली नोंद पुसली जात नाही: तिच्या पहिल्या बाइटमध्ये तारांकनाची खूण पडते आणि खोडलेल्या नोंदी कायमच्या काढणारी ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात आयातीच्या साधनाने ही खूण जुमानली नाही, त्यामुळे शेतकऱ्यांच्या पूर्वी रद्द केलेल्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) नव्या खतावणीत पुन्हा उमटल्या आणि येणे-देणे जुळेना. म्हणून मूळ फाइली जशाच्या तशा जपून ठेवाव्यात, प्रतीवर पॅक चालवून तीच आयात करावी, आणि प्रत्येक खात्याची अखेरची शिल्लक जुन्या खतावणीशी ताडून पाहावी.